दीड महिन्याचं, 4 किलोचं बाळ : दिवसाला दूध किती पाजायचं?

अंगावर पीत असेल तर मोजमाप नकोच. मागेल तेव्हा पाजा, 24 तासांत 8 ते 12 वेळा, रात्रीही. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं देत असाल तर दर किलो वजनाला दिवसाला साधारण 150 मिली धरा. म्हणजे तुमच्या बाळाला 600, आठ वेळा 75-75.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर गेला की घरची मोठी माणसं पाणी पाजायला सांगतात. 6 महिन्यांपर्यंत पाणी, घुटी काहीच देऊ नका; मध तर वर्षाचं होईपर्यंत नको. पाण्यानं पोट भरतं, बाळ कमी ओढतं आणि मग आईचं दूधही कमी होतं. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा तेवढ्या वाढवा.

दिवसाला 6 तरी लंगोट ओले व्हायला हवेत. लघवी कमी, गडद पिवळी, बाळ सुस्त दिसलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.