दूधवाल्याला दोष देण्याआधी

प्रश्न : आम्ही सात जणी मिळून पनीर करतो. दूध 90 अंशांपर्यंत तापवतो, दाबलेलं पनीर दोन तास गार पाण्याच्या टाकीत ठेवतो. टाकी रोज तारेच्या घासणीने घासून वर ब्लीचचं पाणी फिरवतो, आरशासारखी चकाकते. तरी फ्रीजमधलं पनीर तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होतं. दूधवाला बदलून पाहिला. काय चुकतंय?
– एक वाचक भगिनी, फलटण

उत्तर : ताई, आधी त्या दूधवाल्याला परत बोलवा. दूध 90 अंशांवर गेलं की पनीरला बुळबुळ आणणारे जंतू त्यात तग धरत नाहीत. ते येतात नंतर. साच्याच्या कापडातून, कापायच्या फळीवरून, आणि माझा दाट संशय त्या गार टाकीवर आहे.

माठ आठवडाभर घासला नाही की तळाला बोट लावल्यावर काय लागतं? तेच स्टीलवर होतं. आधी दुधातल्या प्रथिनांचा आणि स्निग्धाचा न दिसणारा थर बसतो, त्यावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती डिंकासारखा चिकटा तयार करून आत बिऱ्हाड थाटतात. याला बायोफिल्म म्हणतात. ब्लीचमधलं क्लोरीन या चिकट्यावर आणि दुधाच्या मळावरच खर्ची पडतं, आतल्या जंतूंपर्यंत फारसं पोचत नाही. स्युडोमोनास जातीच्या जंतूंना तर गारवा मानवतो. लिस्टेरियाही फ्रीजमध्ये वाढतो, आणि तो गर्भवतीला फार घातक. 2008 मध्ये कॅनडात मांसाचे काप करणाऱ्या यंत्रांच्या पोटात तो दडून राहिला होता. 20हून अधिक माणसं गेली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी सायीचे नमुने सतत खराब येत होते. मी तीन आठवडे प्रयोगशाळेत दूध तपासत बसले. शेवटी फिटरमामांनी एक व्हॉल्व्ह खोलला आणि रबरी वायसर माझ्या हातावर ठेवलं. खालून गुलाबी जेलीसारखा थर! इतकी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

तेव्हा तारेची घासणी आजच टाका, तिच्या ओरखड्यांत जंतूंना आयती खोबण मिळते. नायलॉनचा ब्रश घ्या. पहिलं पाणी कोमट हवं. उकळतं ओतलंत तर प्रथिनं भाजून चिकटतात. मग एक टक्का कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी (हातमोजे आणि चष्मा घालूनच), ब्रशने घासणं, खळखळून धुणं. दूधखडा (दुधातल्या क्षारांचा पांढुरका कडक थर) धरला असेल तर आठवड्यातून एकदा आम्लाने धुवा, पण आम्ल आणि ब्लीच एकत्र कधीही येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. ब्लीच सगळ्यांत शेवटी, स्वच्छ स्टीलवर.

आणि टाकीची तोटी पाना लावून खोला. आतलं वायसर बुळबुळीत निघालं तर धुवत बसू नका, नवीन घाला. कापडं रोज उकळून उन्हात वाळवा. ओली घडी करून ठेवत असाल तर तेही मला कळवा.