ऑस्ट्रेलिया संघराज्य झालं त्या 1901 सालात लोकांच्या आयुष्यात प्रत्यक्षात काय बदललं?

पहिल्या दिवशी? जवळजवळ काहीच नाही. 1 जानेवारीला सिडनीच्या सेंटेनिअल पार्कात मोठा सोहळा झाला, सहा ब्रिटिश वसाहतींची सहा राज्यं झाली, एडमंड बार्टन पंतप्रधान झाले. पण या नव्या सरकारकडे धड कचेरीसुद्धा नव्हती. रॉबर्ट गॅरन हे संघराज्याचे पहिले कर्मचारी. साहेब तेच, कारकून तेच आणि शिपाईही तेच. पहिलं राजपत्र त्यांनी चक्क हाताने लिहून काढलं.

मार्चमध्ये टपाल खातं केंद्राकडे आलं, पण तिकिटं जुनीच, ज्या त्या राज्याची. त्याच महिन्याच्या शेवटी निवडणूक झाली. मतदार कोण, हे जुन्या वसाहतींच्या नियमांवर ठरलं, त्यामुळे बायकांना मत होतं ते फक्त साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात. 9 मेला मेलबर्नच्या एक्झिबिशन बिल्डिंगमध्ये संसद भरली. (मी मेलबर्नला राहतो, त्या इमारतीत आता परीक्षा आणि प्रदर्शनं भरतात.) राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान 100 मैल लांब, आणि ती होईपर्यंत संसद मेलबर्नला, अशी तडजोड घटनेतच लिहिलेली होती. त्या ‘होईपर्यंत’ला 1927 साल उजाडलं!

माझ्या मते त्या वर्षाची खरी तारीख 8 ऑक्टोबर. व्हिक्टोरिया आयातीवर भरपूर कर लावणारी, न्यू साउथ वेल्स खुल्या व्यापाराची. दोघांमध्ये मरी नदी आणि तिच्या काठी जकातीची ठाणी. मुंबईचे जकात नाके ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. देश एक झाला तरी ही वसुली लगेच थांबली नाही, कारण घटनेची अटच तशी होती: बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या देशासाठी एकच दर लागू झाला की मगच आतली जकात जाणार. म्हणजे नऊ महिने माणूस आपल्याच देशात एका काठावरून दुसऱ्या काठावर माल नेताना कर भरत होता. 8 ऑक्टोबरला मंत्री चार्ल्स किंग्स्टन यांनी सामाईक दर मांडले आणि नदीवरची वसुली संपली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला तेवढी पाच वर्षांची सवलत होती. शिवाय पहिली दहा वर्षं जकातीच्या निव्वळ उत्पन्नातला चौथ्या हिश्शाहून जास्त पैसा केंद्राला स्वतःसाठी वापरता येणार नव्हता, बाकीचा राज्यांचा. केंद्र आणि राज्यांचं पैशावरून भांडण तिथेही पहिल्या दिवसापासूनचं आहे.

रेल्वे मात्र तशीच राहिली. व्हिक्टोरियाचे रूळ 5 फूट 3 इंचांचे, पलीकडच्या न्यू साउथ वेल्सचे 4 फूट साडेआठ इंचांचे, त्यामुळे सीमेवरच्या ऑल्बरी स्टेशनात सामानसुमान घेऊन गाडी बदला.

आणि एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीत हवी. 1 जानेवारीच्या सोहळ्यासाठी हिंदुस्थानी सैनिकांची तुकडीही बोलावली होती. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोरे नसलेल्यांना देशाबाहेर ठेवण्यासाठी स्थलांतर निर्बंध कायदा झाला. येणाऱ्याला 50 शब्दांचं श्रुतलेखन द्यायचं, युरोपातली कुठलीही भाषा, आणि ती निवडणार अधिकारी. इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही दुसऱ्याच एखाद्या भाषेत नापास करता येई. कायद्यात ‘गोरे’ हा शब्द मुद्दाम नव्हता. ब्रिटिश सरकारला जपानला आणि हिंदुस्थानातल्या आपल्या प्रजेला उघडपणे दुखवायचं नव्हतं. युक्ती दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या 1897 च्या कायद्यातून उचललेली होती, आणि तिथे तो कायदा प्रामुख्याने हिंदुस्थानी लोकांनाच रोखायला केला होता. ही परीक्षा रद्द व्हायला 1958 उजाडलं.