किल्ल्यांच्या फोटोंना कीवर्डची उतरंड कशी लावावी?

ट्रेकचे हजारो फोटो आहेत आणि प्रत्येक किल्ल्याखाली दरवाजा, बुरूज, टाकं असे कीवर्ड (फोटो शोधायला लावलेले शब्द) पुन्हा पुन्हा तयार होतायत, ही तुमची अडचण. सगळं एकाच झाडात, म्हणजे एकाखाली एक कीवर्डच्या एकाच उतरंडीत, कोंबू नका, हाच त्यावर उपाय.

'स्थळ', 'वास्तू', 'निसर्ग', 'माणसं' अशी वेगळी झाडं करा. स्थळात महाराष्ट्र > पुणे जिल्हा > राजगड > संजीवनी माची. 'दरवाजा' मात्र वास्तूखाली एकदाच. फोटोला दोन्ही लावा. मग राजगडाचे दरवाजे हवे असोत की सगळ्या किल्ल्यांचे, एका शोधात मिळतात. मला ही सोय सगळ्यांत मोलाची वाटते. तारखेचं झाड नकोच, ती कॅमेरा फोटोत लिहितोच.

नुसतं 'माची' लिहू नका, 'संजीवनी माची' असं पूर्ण लिहा. बरीच ॲप्स उतरंड वाचत नाहीत, त्यांना सपाट यादीच दिसते.

लाइटरूम क्लासिक या फोटो सांभाळायच्या ॲपमध्ये कीवर्डला पर्यायी नावं देता येतात: राजगडाला त्याचं जुनं नाव 'मुरुंबदेव' जरूर जोडा. 'स्थळ'सारखी शीर्षकं आणि घरच्यांची नावं एक्स्पोर्टमधून वगळायची सोयही तिथेच, कीवर्डच्या सेटिंगमध्ये आहे. फुकट हवं असेल तर डिजीकॅम या ॲपमध्येही अशी उतरंड होते.

आणि कीवर्ड फक्त कॅटलॉगमध्ये (ॲपच्या स्वतःच्या नोंदींत) ठेवू नका, फोटोच्या मेटाडेटात (फोटोसोबत राहणाऱ्या माहितीत) सेव्ह करा. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर ते शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात. बॅकअप घेताना तीही घ्या.