काल्पनिक जगाची उत्पत्तिकथा आणि सुरुवातीचा इतिहास कसा रचावा?

पोकळी, अंधार, मग पहिला देव... इथनं सुरुवात नकोच, सगळ्यांच्या कथा तिथं सारख्याच होतात. तुमच्या जगातली माणसं आज कुठला सण करतात ते आधी ठरवा आणि तिथनं मागं या.

आमच्या कोल्हापुरातच बघा. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर जाते. तिथं कोहळा फोडला की तुकड्यासाठी नुसती झुंबड! पालखी तिथं का जाते? तर असुर मारल्यावर विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोलीचा मान राहून गेला, ती रुसून शहराकडं पाठ करून बसली, म्हणून थोरली अंबाबाई दरवर्षी भेटायला जाते. आणि हरलेल्या कोल्हासुरानं मरताना मागितलं काय, तर गावाला माझं नाव. असा रुसवा, असा हट्ट कथेत पाहिजे. नुसत्या लढाया कोण लक्षात ठेवतंय?

इतिहास मात्र कथेशी तंतोतंत जुळवू नका. इथंच पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सातवाहन काळातल्या वस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. कुठला समुद्र आणि कुठलं कोल्हापूर! पुराणात त्याचा पत्ता नाही. तो आला रोमशी चालणाऱ्या व्यापारातून. तुमच्या जगातही अशी एखादी परकी वस्तू पुरून ठेवा. पुजारी एक सांगतील, व्यापारी दुसरंच. राजांच्या वंशावळी सावकाश करा.