जुनी मिनी, नवी शर्यत

प्रश्न: मी लेस्टरला राहतो, माझ्याकडे १९६५ ची मिनी कूपर एस १२७५ आहे. हिस्टॉरिक रेसिंगला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतीला उतरवायचीय, इंजिनचं काम आधी करू का?

उत्तर: अभिनंदन भाऊ, फार देखणी गाडी आहे तुमच्याकडे! पण इंजिन नंतर. आधी एफआयएचं (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) अपेंडिक्स के, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतीची नियमावली वाचा, कारण गाडी तिच्या काळात जशी होती तशीच असावी लागते, आधुनिक पार्ट घातले तर स्क्रुटिनीलाच, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीतच अडकता. सुरक्षेचं सामान मात्र हवंच: रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पिंजरा), बकेट सीट, हार्नेस, फायर एक्स्टिंग्विशर, बॅटरी कट-ऑफ, यात काटकसर अजिबात नको.

आता खरी गोम. मिनीचा डिझायनर इसिगोनिसनं गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, ऑइल सम्पमध्येच (तेल साठतं त्या तळाच्या भांड्यात) बसवलाय, म्हणजे दोघांना तेल एकच. जोरात वळण घेतलं की तेल एका बाजूला जातं, पिकअप (तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो, प्रेशरचा काटा खाली येतो आणि बेअरिंग गेलंच समजा. म्हणून सेंट्रल पिकअप पाइप, म्हणजे सम्पच्या मधोमधून तेल ओढणारी नळी, आधी बसवा. प्रत्येक सेशननंतर ड्रेन प्लगचं चुंबक बोटानं पुसून बघा, राखाडी लोण्यासारखा थर चालतो पण चकाकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवा, प्लीज.

स्ट्रेट-कट गिअर (सरळ दात्यांचे) घातलेत तर शिट्टीसारखा आवाज येणार, घाबरू नका. चाकं १० इंचीच ठेवा. १९६४, ६५ आणि ६७ ला हीच चिमुकली गाडी माँटे कार्लो रॅली जिंकली होती, तेव्हा ताकद कमी पडेल ही काळजी सोडा, ब्रेकिंगचा सराव करा.