रजा की खाडा? भरपगारी सुट्ट्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं रजेबद्दलची आहेत. दुकानं, कार्यालयं, हॉटेलं यांना महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू आहे. कारखान्यांचा हिशेब वेगळा, त्यामुळे उत्तर वाचताना आपण कुठल्या बाजूला बसतो ते आधी पाहावं.

मी सोलापुरात साड्यांच्या दुकानात विक्रेता आहे. आम्ही ३२ जण आहोत. १ मार्च २०२४ ला लागलो. शेठ म्हणतात, ‘महिन्याला चार सुट्ट्या मिळतात, त्याच्यावर घेतली की खाडा.’ कायद्याने मला किती रजा मिळते?

शेठ ज्या चार सुट्ट्या मोजतात ती तुमची साप्ताहिक सुट्टी. ती रजेत धरायचीच नाही. तिच्याखेरीज तीन वेगळे हक्क आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली किरकोळ रजा, म्हणजे सीएल. ती वर्षाला ८ दिवस, भरपगारी. तिमाहीप्रमाणे खात्यावर पडते, म्हणजे दर तीन महिन्यांनी २ दिवस. ३१ डिसेंबरला उरली ती गेली, पुढे जात नाही.

दुसऱ्या सणाच्या सुट्ट्या, त्याही वर्षाला ८ आणि भरपगारी. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. ‘मिळून’ हा शब्द कायद्यात आहे, आणि नेमका तोच बऱ्याच ठिकाणी गाळला जातो.

तिसरी अर्जित रजा (कुणी पीएल म्हणतं, कुणी ईएल). एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस किंवा जास्त काम भरलं, की पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस मिळतो. गोंधळ इथेच होतो, म्हणून तुमचाच हिशेब मांडतो. समजा २०२४ मध्ये मार्च ते डिसेंबर तुमची हजेरी २४४ दिवस भरली. २४० ओलांडले, म्हणजे २०२५ साठी २४४ भागिले २०, असे १२ दिवस मिळाले. २०२५ मध्ये हजेरी ३०१ दिवस असेल तर २०२६ साठी १५. गेल्या वर्षी अर्जित रजेतला एकही दिवस वापरला नसेल तर आज खात्यावर २७ दिवस हवेत. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

तेव्हा हजेरीचे दिवस आधी मोजा. मस्टरवर रविवारी ‘सु’ आणि गैरहजेरीला ‘गै’ लिहायची पद्धत असते. घाईत सुट्टीच्या रकान्यातही ‘गै’ पडतं आणि वर्षाअखेर २४० चा आकडा हुकवायला तेवढं पुरतं. दर महिन्याला मस्टरच्या आपल्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

१५ ऑगस्टला आम्हाला कामावर बोलावलं. नंतर ‘कॉम्प ऑफ घ्या’ म्हणाले. एवढ्यात भागतं का?

नाही. सणाच्या भरपगारी सुट्टीला काम करायला लावता येतं, पण त्या दिवसाच्या सरासरी रोजाच्या दुप्पट पैसे आणि शिवाय बदली सुट्टी, अशा दोन्ही गोष्टी द्याव्या लागतात. मालक त्यातली एक निवडू शकत नाही.

रोजाची सरासरी त्याच महिन्याच्या कमाईवरून काढायची, जादा कामाचे पैसे वगळून. महिन्याचे १८,२०० रुपये आणि २६ दिवस धरले तर रोज ७०० होतो, दुप्पट १,४००. मासिक पगारात त्या दिवसाचे ७०० आधीच आलेले असतात, तेव्हा पगारपत्रकात निदान आणखी ७०० ची वेगळी ओळ दिसायला हवी. ती ओळ नसेल तर पैसे दिलेले नाहीत असंच समजा.

साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर तिची बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत मिळायला हवी.

पुण्यात एका खाजगी कंपनीत सात वर्षं नोकरी केली. राजीनामा दिला आहे, नोटीस पिरिअड चालू आहे. खात्यावर ४१ दिवस अर्जित रजा आहे. एचआर म्हणतं, राजीनामा देणाऱ्याची रजा लॅप्स होते आणि नोटीस पिरिअडमध्ये रजा घेताही येत नाही. मग ही रजा गेली कुठे?

एचआरच्या दोन वाक्यांत तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

नोकरी सोडताना अर्जित रजेचे पैसे दोन प्रसंगी द्यावेच लागतात, असं २०१७ चा कायदा सांगतो. एक, रजा मिळण्याआधीच मालकाने कामावरून कमी केलं तर. दुसरा प्रसंग तुमचा: कामगाराने रजा मागितली, मालकाने नाकारली आणि मग कामगाराने नोकरी सोडली तर. म्हणजे राजीनामा देणाऱ्याच्या बाबतीत सगळं ‘मागितली आणि नाकारली’ या जोडीवर येऊन थांबतं. ज्याने कधी अर्जच केला नाही, त्याला कायद्याच्या या कलमावर बोट ठेवता येत नाही. मग नियुक्तीपत्र किंवा कंपनीचं रजा धोरण काय म्हणतं तेवढंच हातात राहतं.

तेव्हा आजच अर्ज द्या. ‘नोटीस पिरिअडमध्ये रजा नाही’ असं त्यांचं धोरण असेल तर ते तुम्हाला नकार कळवतील आणि तो नकारच तुमच्या कामाचा आहे. रजा मंजूर झाली तर उत्तमच. एक काळजी घ्या: अर्जाची तारीख आणि रजेची पहिली तारीख यांत १५ दिवसांचं अंतर ठेवा. कायद्याने ‘१५ दिवस आधी’ असं म्हटलं आहे आणि ही एक त्रुटी सापडली की कंपनी तेवढंच धरून बसते.

अर्ज लांबलचक नको. ईमेलवर एवढं पुरे:

*‘माझ्या खात्यावर आजच्या तारखेला ४१ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. त्यापैकी … ते … या काळात … दिवस रजा मंजूर करावी. मंजूर करता येत नसल्यास तसं याच ईमेलच्या उत्तरात कळवावं आणि शिल्लक रजेची रक्कम अंतिम हिशेबात धरावी.’*

उत्तर तोंडी आलं तर त्याच दिवशी पुन्हा ईमेल करा: ‘आज आपण रजा नाकारल्याचं सांगितलं, त्याची नोंद म्हणून हे पत्र.’ ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो. म्हणून एक प्रत आपल्या स्वतःच्या पत्त्यावर आधीच पाठवून ठेवा आणि रजा शिल्लक दाखवणाऱ्या पोर्टलच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. हे पान गेलं की ४१ चा आकडा सिद्ध करायला कंपनीच्याच नोंदींवर अवलंबून राहावं लागतं.

जाता जाता आयकराचं. नोकरीत असताना रजा विकली तर ती रक्कम पूर्ण करपात्र. नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना मिळाली तर खाजगी नोकरदारासाठी करमाफीची मर्यादा आयुष्यभरात मिळून २५ लाख रुपये आहे. सरसकट २५ लाख माफ, असा मात्र अर्थ नाही. प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, दहा महिन्यांचा सरासरी पगार, शिल्लक रजेचं रोख मूल्य आणि हे २५ लाख, यांत जे सर्वांत कमी तेवढं माफ. हिशेबात टीडीएस कापलेला दिसला तर तो कशावर कापला ते विचारा. अंतिम हिशेब करताना ही माफी धरायची राहून जाते.

चाकणला कारखान्यात ठेकेदाराकडून जुलैत लागलो. ठेकेदार म्हणतो वर्ष भरल्याशिवाय रजा नाही. शिवाय शुक्रवार ते सोमवार सुट्टी घेतली तर मधला रविवारही रजेत धरतात.

दोन्ही चूक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि कारखान्यातल्या रजेचा हिशेब आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीच्या संहितेप्रमाणे होतो. आधीच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८० पुरतात. प्रमाण तेच, दर २० दिवसांना १.

जो १ जानेवारीनंतर लागला त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे: वर्षाचे जेवढे दिवस उरले, त्यांच्या एक चतुर्थांश दिवस काम केलं तरी तो रजेला पात्र. १ जुलैपासून ३१ डिसेंबरपर्यंत १८४ दिवस, त्याचा चौथा भाग ४६. तुम्ही १४० दिवस भरले असतील तर ७ दिवस रजा झाली. ठेकेदार हाच तुमचा मालक, त्यामुळे अर्ज त्याच्या नावाने करा आणि एक प्रत कंपनीच्या टाइम ऑफिसला द्या. टाइम ऑफिसची पोच घ्यायला विसरू नका. ठेकेदार बदलला तरी कंपनी जागेवरच असते.

रविवारच्या ‘सँडविच’बद्दल संहिता स्पष्ट आहे. रजेच्या मधे, सुरुवातीला किंवा शेवटी आलेली सुट्टी रजेत मोजायची नाही. शुक्रवार, शनिवार, सोमवार, म्हणजे तीनच दिवस वजा व्हायला हवेत.

ले-ऑफचे (काम नसल्याने मालकाने बसवून ठेवलेले) दिवस, प्रसूती रजा आणि घेतलेली वार्षिक रजा हे सगळं १८० च्या मोजणीत धरलं जातं, मात्र त्या दिवसांवर नवी रजा साठत नाही. वर्षाअखेर ३० दिवसांपर्यंत रजा पुढे नेता येते. मागितलेल्या पण नाकारलेल्या रजेला मात्र ही ३० ची मर्यादा नाही. इथेही पुन्हा अर्जाचा कागदच लागतो.

डेंग्यूने ऑगस्टमध्ये ९ दिवस अंथरुणात होतो. आजारपणाची रजा वेगळी नसते का? पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापतात.

२०१७ च्या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा नाही. कंपनीने धोरणात दिली असेल तर तेवढीच. ईएसआय कापला जातो, म्हणजे दुसरा रस्ता आहे: रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस.

ऑगस्टच्या आजाराला मागच्या ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. (जानेवारी ते जूनमधल्या आजारासाठी आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरची.) पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे ९ पैकी ७ दिवस. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर ४२० गुणिले ७, असे २,९४० रुपये. त्या दोन कोरड्या दिवसांपुरती सीएल लावावी. बाकीच्या सात दिवसांना मात्र भरपगारी रजा आणि ईएसआय असं दोन्ही चालत नाही.

दावा अडतो तो दाखल्यावर. पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा नेमलेल्या डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या. बरं झाल्यावर खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलात तर हेलपाटे वाढतात.

मला ‘असिस्टंट मॅनेजर’ हुद्दा दिला आणि म्हणाले, आता कायदा तुम्हाला लागू नाही.

गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या जागेवरच्या माणसाला २०१७ च्या कायद्यातून वगळलं आहे, हे खरं. पण अशा लोकांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर लावायची असते. संकेतस्थळ नसेल तर आवारात ठळक जागी, आणि एक प्रत सुविधाकाराकडे (पूर्वी ज्यांना निरीक्षक म्हणत तेच हे). यादी मागा. त्यात तुमचं नाव आहे का आणि रोज करता ते काम खरोखर देखरेखीचं आहे का, या दोन गोष्टी पाहा. दिवसभर बिलं टाकणारा माणूस दारावरच्या पाटीने मॅनेजर होत नाही.

मेडिकल दुकानात आम्ही सहा जण. हे सगळं आम्हाला मिळतं का?

या कायद्याने नाही. २०१७ मध्ये तो १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी केला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे १० ते १९ जणांच्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी आधी जवळच्या कामगार कार्यालयात आपल्या आस्थापनेला सध्या काय लागू आहे ते विचारून घ्यावं. तुमच्यासाठी नियुक्तीपत्र हाच कायदा. त्यात सुट्ट्यांची ओळ लिहून घ्या, भले वर्षाला १२ दिवस का होईना.

मतदानाच्या दिवशी पगार कापता येतो का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब पाहा. मतदाराला त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवर असला तरी. न देणाऱ्या मालकाला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल, तेवढाच अपवाद.

रजा नाकारतात, पैसेही देत नाहीत. तक्रार कुणाकडे?

दुकान किंवा कार्यालय असेल तर सुविधाकाराकडे. मुंबईत हे काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं पाहतं, इतरत्र कामगार आयुक्तालयाची कार्यालयं. तक्रारीला चार कागद जोडा: नियुक्तीपत्र, गेल्या बारा महिन्यांची पगारपत्रकं, रजेचा अर्ज आणि त्यावरचा नकार. नकार लेखी नसेल तर अर्जाची पोच. दोन प्रती घेऊन जा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.