शहरातल्यांना शेती शिकवायची, पण नेमकं काय?

प्रश्न: मी तीस वर्षं शेती करते. बियाणं घरचंच धरते, खतही शेतातच तयार करते. अलीकडे सुट्टीच्या दिवशी शहरातली मंडळी शिकायला येतात. मी भरभरून सांगते, ती लिहूनही घेतात, पण घरी जाऊन कुणी काही केल्याचं कानावर येत नाही. कुठे चुकतंय? आणि याचे पैसे घ्यावेत का? मागायला जीभ रेटत नाही.
– एक शेतकरी वाचक

ताई, चूक त्या ‘भरभरून’मध्येच आहे. पहिल्या वर्गात मीही तेच केलं होतं. माती, खत, बियाणं, पाणी, कीड, फेरपालट, सगळं तीन तासांत. बारा जण होते, वह्या भरून गेल्या. महिन्याभरानं एकानं कुंडीचा फोटो पाठवला. मातीवर हिरवं शेवाळ आणि रोप एकही नाही. त्यानं बी बोटभर खोल पुरलं होतं आणि दोन वेळा पाणी घालत होता. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरायचं, बारीक बी तर नुसतं मातीनं झाकायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे, हेच मला सुचलं नव्हतं. माझ्या बोटांना ते ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं.

म्हणून आता एका वर्गात एकच गोष्ट घेते, आणि ती त्यांच्याच हातून करून घेते. सुरुवात उगवण तपासणीनं करा. प्रत्येकाला घरातलं जुनं बी आणायला सांगा. ओल्या कापडावर वीस बिया ओळीनं मांडायच्या, कापड गुंडाळायचं आणि सुकू न देता उबदार जागी ठेवायचं. आठवड्याभरानं, हळू उगवणारं बी असेल तर आणखी काही दिवसांनी, कोंब मोजायचे. सोळा फुटले म्हणजे उगवण ऐंशी टक्के, बी चांगलं. दहाच फुटले तर दाट पेरावं लागेल. चार-पाचच असतील तर त्या बियाण्याचा नाद सोडलेला बरा. याला शेत लागत नाही, ऊनही लागत नाही, आणि शेवटी हातात एक आकडा येतो. तो आकडा सांगायला माणसं आपणहून फोन करतात. तुमच्या ‘कानावर येत नाही’वर हा माझा उपाय.

दुसरा वर्ग वाफशाचा घ्या. शहरातल्या माणसाला माती ओली किंवा कोरडी एवढंच माहीत असतं. मधली अवस्था त्यांना दाखवायची. बोटभर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबायला सांगा. मूठ उघडल्यावर गोळा चकाकत हाताला चिकटला तर माती अजून ओली आहे. गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचताच फुटला तर वाफसा आला. गोळाच होत नसेल तर कोरडी. (रेताड मातीत ही खूण फसते, तिचा गोळा ओलेपणीही धड टिकत नाही.) ओली माती खणली तर काय होतं, तेही दाखवा. मी एक कोपरा मुद्दाम चिखलात खणून ठेवते. तो वाळल्यावर जी ढेकळं होतात ती फोडायला दिली की पुढचं काही बोलावं लागत नाही.

हत्यारांचं एक सांगते. कोण डावखुरं आहे ते आधीच विचारा. दातेरी विळ्याची धार बहुधा उजव्या हाताच्या हिशेबानं असते. माझ्या वर्गातली एक मुलगी अर्धा तास स्वतःलाच अडाणी समजत बसली होती. दोष विळ्याचा होता.

पैसे घ्या. तुमचा दिवस मोडतो आणि तीस वर्षांचं शिकणं त्यात असतं. मात्र पैसेही घ्यायचे आणि वर ‘अनुभव’ म्हणून खुरपणीही उरकून घ्यायची, हे करू नका. ते शोभत नाही आणि परवडतही नाही. माझ्या एका वाफ्यात पाहुण्यांनी गाजराची रोपं मोठ्या निगुतीनं उपटली होती आणि तण शाबूत ठेवलं होतं.

प्रश्न: शेतावरच्या वर्गात कंपोस्ट शिकून आलो. बाल्कनीतल्या डब्यात केलं, तर घाण वास येतो. शेतावरच्या ढिगातून वाफा निघत होत्या, माझा डबा गारच आहे.
– एक वाचक, तिसरा मजला

दादा, आधी वास नीट ओळखा. सडक्या अंड्यासारखा येत असेल तर आत हवा नाही. नाकात झोंबत असेल तर ओला कचरा जास्त झालाय. दोन्हीवर औषध एकच. कोरडा पाला किंवा फाडलेला पुठ्ठा मिसळायचा आणि सगळं खालपासून वर करायचं. ओल्याच्या एका मापाला कोरड्याची दोन ते तीन मापं धरा. कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला एक असलं की जिवाणूंचं बरं चालतं, आणि या मापानं तुम्ही त्याच्या आसपास पोचता. मूठभर पिळून पाहा, एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे.

गारपणाची काळजी सोडा. ढीग तापायला तो साधारण एक घनमीटरचा लागतो, तेव्हा आतली ऊब आत राहते आणि पारा 55 अंशांच्या वर जातो. तुमच्या डब्यात तेवढं जमणार नाही. खत होईल, पण महिने लागतील, आणि तणाचं बी मरणार नाही, तेव्हा बी धरलेलं तण त्यात टाकू नका. तुम्हाला शिकवणाऱ्यानं हा फरक सांगायला हवा होता. शेतातली रीत जशीच्या तशी बाल्कनीत नेली की असं होतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला खताच्या ढिगाची जी पद्धत बसवली, ती शेताच्या मापाची होती.

प्रश्न: वर्गात म्हणाले, घरचं बी धरा. भोपळ्याचं धरलं. वेल छान आला, पण फळ कडूजहर. असं का?
– एक वाचक

ते फळ टाकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही, आणि त्यातलं कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य पोट बिघडवतं. भोपळ्याच्या फुलांत मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. जवळपास त्याच जातकुळीतला कडू किंवा शोभेचा वेल असेल तर संकर होतो. पहिल्या वर्षीच्या फळाला चव आईचीच असते. फरक त्यातल्या बियांत शिरतो आणि पुढच्या वर्षी कळतो.

नवशिक्यानं घेवड्यापासून सुरुवात करावी. त्याचं फूल बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला फळवतं. शेंगा वेलावरच खडखडीत वाळू द्या, मग सोलून बी सावलीत पसरा. एक दाणा दाताखाली धरून पाहा, खूण उमटली तर आणखी वाळवा. नंतर कागदी पाकिटात घाला आणि वर साल लिहा. साल लिहायला मी आजवर दोनदा विसरले आहे, आणि दोन्ही वेळा ओलं कापड पसरून वीस-वीस दाणे मोजत बसले.